तिकीट एसटीचं, मशीन कुणाचं?

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे यात घातले आहेत.

स्वारगेटला उतरलात की एका हाकेच्या अंतरात तीन सार्वजनिक वाहतूक यंत्रणा दिसतात. एसटीचं स्टँड, पीएमपीएमएलचं मुख्य कार्यालय आणि सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रो. आपल्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण इथून रोज हिंजवडी नाहीतर खराडी गाठतात आणि तिथे जाऊन परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीचे सर्व्हर सांभाळतात. म्हणजे "आपलं डेटा सेंटर आपणच चालवायचं की बाहेर द्यायचं?" या प्रश्नात तुम्ही सहसा काम घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असता. आज आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. काम बाहेर देणाऱ्याचं पुढे काय होतं? आणि उदाहरण घेऊ आपल्या लाल परीचं.

गोष्ट सुरू होते ती उलट्या दिशेने, म्हणजे खासगी काम सरकारने आपल्याकडे घेतलं तिथून. चाळीसच्या दशकात पुण्यातली शहर बससेवा सिल्व्हर ज्युबिली मोटर्स नावाची खासगी कंपनी चालवायची. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका झाली आणि तिने ही सेवा ताब्यात घेतली. तीच आपली पीएमटी. गावोगावच्या प्रवासाचंही तसंच. खासगी मोटारवाले होते, पण गाडी कधी सुटेल, किती माणसं कोंबतील, भाडं किती घेतील, याचा नेम नसायचा. मग मुंबई राज्याने ही वाहतूक स्वतः करायचं ठरवलं आणि १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. त्या काळाचा विचार साधा होता: लोकांचं रोजचं अडणारं काम दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही.

आता जरा तिकिटाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

ज्यांनी कंडक्टरचा जुना ट्रे पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा लांबट ट्रे, त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, खांद्याला चामडी पिशवी आणि हातात पंच. तो पंच दांडीवर टकटक वाजवत कंडक्टर पुढे सरकायचा. दिसायला जुनाट, पण त्यामागची हिशोबाची व्यवस्था पक्की होती. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक. ड्युटी सुरू करताना प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला नंबर वे-बिलवर लिहायचा, वाटेत ठरलेल्या टप्प्यांवर पुन्हा नंबर लिहायचा, शेवटी शेवटचा. दोन नंबरांमधली वजाबाकी गुणिले तिकिटाची किंमत, म्हणजे झाली जमा व्हायला हवी ती रक्कम. मध्येच तपासणीस गाडीत चढला की तो वे-बिल, ट्रे आणि प्रवाशांच्या हातातली तिकिटं एकमेकांशी ताडून बघायचा.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तिकिटं देणारा वेगळा, विकणारा वेगळा, पैसे मोजून घेणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. सगळे एसटीचेच, पण एकमेकांवर नजर ठेवणारे. आजच्या भाषेत बोलायचं तर ते कागदावरचं डेटा सेंटरच होतं, आणि ते प्रत्येक आगारात होतं. राज्यभरात एसटीची सुमारे २५० आगारं आहेत, विचार करा.

तोटे होतेच. आकडेमोडीत वेळ जायचा. कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली, हे मुख्यालयाला कळेपर्यंत आठवडे लोटायचे. पंच केलेल्या तिकिटावरून प्रवासी कुठे उतरला ते शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. अपहाराची प्रकरणंही व्हायची. त्यामुळे तिकीट छापून देणारी हातातली मशीन आली तेव्हा त्यांना नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

प्रश्न मशीनचा नव्हता, मशीन कोणाचं हा होता. एसटीने हे काम ट्रायमॅक्स या मुंबईच्या आयटी कंपनीला दिलं. डेटा सेंटर चालवणं हाही या कंपनीचा एक धंदा होता. २०१० च्या आसपास ती काळी मशीन गावोगाव दिसू लागली. ऑनलाइन आरक्षणाची व्यवस्थाही याच कंपनीकडे. ड्युटी संपली की कंडक्टर मशीन आगारात जमा करायचा, त्यातला डेटा तिथल्या संगणकात उतरायचा आणि पुढे मुख्य सर्व्हरकडे जायचा.

अशा कंत्राटांचा या क्षेत्रातला नेहमीचा साचा माहीत असावा. मशीन, सॉफ्टवेअर, सर्व्हर, दुरुस्ती हे सगळं कंपनीने स्वतःच्या पैशाने उभं करायचं, मालकी तिच्याकडेच, आणि महामंडळाने दर तिकिटामागे काही पैसे मोजायचे. तोट्यात चालणाऱ्या महामंडळाला हे फार आवडतं. एकरकमी काही घालावं लागत नाही, शिवाय इंजिनियरांची भरती करावी लागत नाही. सरकारी वेतनश्रेणीत चांगला सर्व्हरवाला मिळणं किती अवघड आहे, ते वेगळं सांगायला नको.

ही कल्पना काही एसटीने काढलेली नाही. १९८९ मध्ये कोडॅकने, हो, तीच फोटोच्या रोलवाली, आपली डेटा सेंटर आयबीएमच्या हवाली केली. तोवर मोठ्या कंपन्या हे काम म्हणजे घरची तिजोरी मानायच्या. कोडॅकने ठरवलं, आपण फिल्म बनवतो, संगणक चालवणं हा आपला धंदा नाही. त्यानंतर रांगच लागली. आपल्याकडे २००४ मध्ये एअरटेलने आयबीएमशी दहा वर्षांचा करार केला आणि आपली आयटी व्यवस्था तिच्याकडे दिली. त्याच वर्षी अमेरिकेत जेपी मॉर्गनने आयबीएमबरोबरचा पाच अब्ज डॉलरचा करार मध्येच मोडला आणि काम परत घरात आणलं. मधल्या काळात बँक वन ही बँक तिच्यात विलीन झाली होती आणि वाढलेल्या आकारात हे काम आपल्याला स्वतः करता येईल असा तिचा हिशोब होता. तेव्हा "सगळे बाहेर देतात म्हणून आपणही देऊ" हे कारण तेव्हाही कच्चं होतं.

एसटीवर वेळ आली २०१९ मध्ये. बँकांची देणी थकल्यामुळे ट्रायमॅक्सविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा प्रक्रियेत कारभार संचालकांच्या हातून नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो आणि कंपनीच्या मालमत्तेला कोणी हात लावू शकत नाही. आता कल्पना करा. मशीन त्या कंपनीच्या मालकीचं, सॉफ्टवेअर तिचं, आणि ती कंपनी स्वतःच अतिदक्षता विभागात! नवीन मशीन कोण आणणार? बॅटरी बदलायची तर पैसे कोण देणार?

नेमक्या त्याच वर्षी एसटीने ज्येष्ठ नागरिक आणि इतर सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणलं होतं. त्या कार्डाच्या मुदतवाढी वाचून लोक कंटाळले. पुढच्या दोन-तीन वर्षांत बटणं दाबली न जाणारी, मध्येच बंद पडणारी, अर्धवट तिकीट छापणारी मशीन हा मराठी वर्तमानपत्रांतल्या जिल्हा पानांचा कायमचा विषय झाला. आणि कंडक्टरांनी काय केलं? ट्रे बाहेर काढला. तोच जुना पत्र्याचा ट्रे.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी बातमी हीच आहे आणि तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. व्यवस्था पूर्ण कोलमडली नाही, कारण जुनं काम येणारी माणसं अजून नोकरीत होती. वे-बिल हाताने भरता येणारे कंडक्टर होते, ते तपासता येणारे हिशोबनीस होते. दहा वर्षं उशिरा हेच झालं असतं तर? नवीन भरतीतल्या ज्या मुलाने पहिल्या दिवसापासून फक्त मशीन पाहिलं, त्याच्या हातात ट्रे देऊन काय होणार?

आता तुम्ही म्हणाल, तिकिटंच तर आहेत, चार दिवस कागदावर चालवली तर काय बिघडतं? पूर्वी फार बिघडत नव्हतं. आज बिघडतं, आणि ते नीट समजून घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. प्रवाशाने न दिलेले हे पैसे सरकार एसटीला देतं, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. ती मागायची कशाच्या आधारावर? तर अशी किती तिकिटं निघाली, या आकड्याच्या. शून्य रुपयांचं तिकीट प्रवाशासाठी फुकट असेल, पण एसटीसाठी ती सरकारकडे वसूल करायच्या रकमेची पावती आहे. म्हणजे पूर्वी डेटा हा कमाईचा हिशोब होता, आता कमाईचा मोठा हिस्सा त्या डेटातूनच येतो. प्रतिपूर्ती लांबली की पगार लांबतो, हे एसटीतल्या कुठल्याही घरात विचारा. तेव्हा सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न थेट कंडक्टरच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो.

मग नवीन मशीन आली. अँड्रॉइडवर चालणारी, यूपीआय घेणारी, सुट्ट्या पैशांचं भांडण बऱ्यापैकी मिटवणारी. हे काम मिळालं इबिक्सकॅशला. मशीन चांगली आहेत, खोटं कशाला बोला. पण डिसेंबर २०२३ मध्ये काय झालं? या कंपनीच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीने, इबिक्सने, तिथल्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातली कंपनी त्या अर्जात नव्हती आणि २०२४ मध्ये मूळ कंपनीला नवा मालकही मिळाला. स्वारगेटच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवलं नाही, तिकीट छापून येत राहिलं. तरीही ओळीने दोन वेळा तिकीट यंत्रणेच्या मागे दिवाळखोरीची कागदपत्रं दिसावीत, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईल का? कमीत कमी पैशात काम करणाऱ्याला कंत्राट, हा आपल्याकडचा निविदेचा रिवाज. स्वस्तात काम घेणारा पुढची पाच-सात वर्षं उभा राहील का, हे त्या दरपत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

दोष नेहमी कंत्राटदाराकडेच असतो असंही नाही, बरं का. शेजारच्या पीएमपीएमएलमध्ये निम्म्याच्या आसपास बस ठेकेदारांच्या. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांवरून ठेकेदारांनी बस उभ्या केल्या आणि ऐन कामाच्या दिवशी पुणेकर थांब्यांवर अडकले. तिथे पैसे थकवणारी बाजू आपलीच होती.

मग सगळं घरातच ठेवावं का? इथे मला पुण्याच्याच कॉसमॉस बँकेची आठवण करून द्यावी लागेल. १९०६ ची जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्यालयातल्या तिच्या एटीएम यंत्रणेत हॅकर घुसले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या घरात. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर तालुक्याच्या पतपेढीने स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा हट्ट का धरावा? म्हणूनच छोट्या बँका सी-एजसारख्या एकाच मोठ्या कंपनीकडे गेल्या, जिच्यामागे टीसीएस आणि स्टेट बँक आहेत. जुलै २०२४ च्या शेवटी तिथे रॅन्समवेअर घुसलं. खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडावं लागलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम एकदम थांबलं. घरची तिजोरी फुटली तर एकाचं जातं. सगळ्यांनी एकाच तिजोरीत ठेवलं तर सगळेच दाराबाहेर.

तेव्हा घरात की बाहेर, याचं सरसकट उत्तर मला तरी देता येत नाही. एसटीने आज स्वतःचं डेटा सेंटर उभारावं असंही मी म्हणणार नाही, ते तिला झेपणार नाही. पण काम बाहेर देताना काही गोष्टी आधी लिहून घेता येतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटीचं काम बाहेर देणाऱ्या बँकांसाठी निर्देश काढले, ते ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यात म्हटलंय की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, कंत्राटदाराची तपासणी करण्याचा हक्क बँकेकडे हवा, आणि करार संपला किंवा कंत्राटदार बुडाला तर बाहेर कसं पडायचं याचा आराखडा आधीच तयार हवा. हा तिसरा मुद्दा २०१९ च्या आधी एसटीच्या टेबलावर असता तर पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती.

एसटी बँक नाही, त्यामुळे हे निर्देश तिला लागू होत नाहीत. पण महामंडळ सरकारचं आहे, कंत्राटं सार्वजनिक पैशाची आहेत. मशीनचा करार संपेल त्या दिवशी तिकिटांचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत एसटीच्या हाती येणार, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तुमच्यापैकी कोणी अर्ज केला तर उत्तर आम्हाला नक्की कळवा, त्यावर वेगळा भाग करू.