बुद्धचरित्राचे दोन वाचक

मराठी मुलांकरितां म्हणून छापलेलें पुस्तक मुलांच्या हातीं येऊं लागलें, त्यास आतां दोनशें वर्षें होत आलीं. या काळांत पुस्तकें किती निघालीं, लेखक कोण झाले, याचें टांचण ग्रंथसूचींतून मिळूं शकेल. परंतु त्या पुस्तकांनीं वाचणाऱ्याचें काय केलें, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचें उत्तर सूचींत सांपडत नाहीं. लहान वयांत लागलेली वाचनाची गोडी जन्मभर टिकते, असें आपण सहज म्हणून जातों. ती लागते कशी, हें पाहावयाचें असेल तर एखाद्या पुस्तकाच्या मागोमाग जाऊन तें कोणाच्या हातीं पडलें आणि पुढें काय घडलें, याचाच शोध केला पाहिजे. श्रोतेहो, अशीं दोन उदाहरणें आज मी आपणांपुढें मांडणार आहें. दोन्हीं ठिकाणीं विषय एकच, बुद्धाचें चरित्र. भाषाही एकच, आपली मराठी. आणि वाचणाऱ्या दोघांचींही नांवें पुढें देशोदेशीं गेलीं.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतों. मुंबईंत १८२२ सालीं शाळांकरितां पुस्तकें तयार करणारी एक मंडळी स्थापन झाली. या मंडळीच्या कामांत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे होते. त्यांचीं ‘इसपनीति’ व ‘बाळमित्र’ हीं दोन पुस्तकें १८२८ सालीं निघालीं. ‘बाळमित्रा’चें मूळ बर्कां नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराचें, तें इंग्रजींतून मराठींत आलें. अशा रीतीनें पारीसच्या मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टी अर्ध्या शतकाच्या आंत पुण्यामुंबईचीं मुलें वाचूं लागलीं. छत्र्यांची भाषा सरळ आणि घरगुती आहे व तिचे उपकार मराठी गद्यावर मोठे आहेत. तथापि हीं पुस्तकें निघालीं तीं शाळेच्या गरजेपोटीं. गोष्ट संपली कीं तात्पर्य येणार, हें इसपनीतीच्या वाचकास आधींच ठाऊक असे. १८५४ मध्यें परशुरामपंततात्या गोडबोले यांचें ‘नवनीत’ निघालें. मराठी कवितेचा तो उत्तम संग्रह खरा, परंतु पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनीं तो वाचला तो मुख्यतः परीक्षेच्या निमित्तानें. मेजर कँडी यांच्या क्रमिक पुस्तकांविषयीं तर बोलावयासच नको. नुसत्या कौतुकासाठीं, पुढें काय झालें या एकाच ओढीनें वाचावयाचें मोठें पुस्तक मराठी घरांत आलें, तें कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं आरंभिलेल्या अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टींच्या रूपानें. त्यांचे भाग १८६० नंतरच्या वर्षांत निघूं लागले. तें कांहीं केवळ मुलांसाठीं लिहिलेलें नव्हतें, परंतु मुलांनीं तें आपलेंसें केलें.

या दोहोंच्या मधला मार्ग विनायक कोंडदेव ओक यांनीं काढला. ओक हे १८४० सालीं कोंकणांतील हेदवी येथें जन्मले व सरकारी शिक्षणखात्यांत त्यांनीं नोकरी केली. १८८१ सालीं त्यांनीं ‘बालबोध’ नांवाचें मासिक सुरू केलें. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा स्वच्छ, ठसठशीत टाइप त्यास लाभला होता. अंकाची ठेवण ठरलेली असे. एका थोर पुरुषाचें चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि कांहीं किरकोळ मजकूर. हें सर्व बहुतेक ओक स्वतःच लिहीत. १९१४ सालीं त्यांचें देहावसान झालें, तोंपर्यंत हा क्रम चालूच होता. तेहतीस वर्षांच्या या कालांत त्यांनीं लिहिलेल्या चरित्रांची संख्या चारशेंच्या घरांत जाते, आणि तितक्याच कविता व तितकेच निबंध. एका मनुष्यानें इतका काळ, दर महिन्यास, मुलांकरितां लिहीत राहावें, हें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतलें एक आश्चर्यच म्हटलें पाहिजे. ओकांचा मोठेपणा पांडित्यांत नव्हता, तो नेमांत होता. महिना उलटला कीं अंक येणार, ही खात्री त्यांनीं मुलांना दिली. ज्या घरीं दुसरें पुस्तक येण्याचा संभव नाहीं, अशा घरींही टपालानें मासिक पोंचूं शकतें, आणि वाचून झालेला अंक एका हातांतून दुसऱ्या हातांत जात जात फार दूरवर जातो.

असाच ‘बालबोधा’चा एक अंक गोमंतकांत धर्मानंद कोसंबी यांच्या हातीं पडला. धर्मानंद १८७६ सालीं सांखवाळ येथें जन्मले. घरचा चरितार्थ नारळीच्या बागांवर, गोव्यांत राज्य पोर्तुगीजांचें, आणि मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी. शाळा त्यांना फारशी लाभली नाहीं. लग्न मात्र पंधराव्या वर्षींच झालें. घरप्रपंचाची जबाबदारी अंगावर, आणि मन मात्र कशांत तरी मोठ्या गोष्टींत गुंतावयास आतुर झालेलें, अशा अवस्थेंत असतांना या मासिकांत आलेलें बुद्धाचें लहानसें चरित्र त्यांनीं वाचलें. तेव्हां त्यांचें वय विसांच्या आसपास होतें. मासिक मुलांचें होतें, वाचणारा संसारी गृहस्थ होता. पण ज्याच्या वांट्यास शाळा आली नाहीं, त्याचें वाचनाचें बालपण उशिरांच सुरू व्हावयाचें. ‘निवेदन’ या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं ही हकीकत सांगितली आहे. त्या चार पानांनीं त्यांची तहान भागली नाहीं, उलट वाढली. बुद्धासंबंधीं आणखी काय वाचावयास मिळेल, याच्या शोधास ते लागले.

पुढील प्रवास थोडक्यांत सांगतों. १८९९ सालीं त्यांनीं घर सोडलें. पुण्यास डॉ. भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत शिकावें म्हणून ग्वाल्हेरमार्गें ते काशीस गेले. अन्नछत्रांतील जेवणावर दिवस काढून तेथें अध्ययन केलें. काशीहून नेपाळ, आणि १९०२ सालीं सिंहलद्वीप. तेथें पालि भाषा आणि मूळ बौद्ध ग्रंथ त्यांना अखेरीस भेटले. ब्रह्मदेशही त्यांनीं पाहिला. कलकत्त्यास त्यांनीं पालि शिकविली. त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा पन्नास रुपयांचें वेतन दिलें. अट एवढीच कीं, महाराष्ट्रांतील एखाद्या शहरीं राहून दरसाल एक पुस्तक लिहावें. १९१० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाच्या संशोधनाकरितां त्यांना बोलाविलें. १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजांत ते पालीचे अध्यापक होते. १९४७ सालीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेविला, आणि हार्वर्डच्या ग्रंथमालेंत ‘विसुद्धिमग्ग’ १९५० सालीं प्रसिद्ध झाला. मुलांच्या मासिकांतील एका चरित्राचा हा शेवट! शेवट तरी कसा म्हणावा? धर्मानंदांनीं मराठींत लिहिलेले बुद्धविषयक ग्रंथ आजही वाचले जातात.

आतां दुसरें उदाहरण. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गांवचे. मुंबईंत विल्सन हायस्कुलांत ते शिक्षक होते. बुद्धाचें मराठी चरित्र त्यांनीं लिहिलें तें १८९८ सालीं. मुंबईंत चर्नीरोडच्या बागेंत हे सायंकाळीं जाऊन बसत. तेथेंच पुस्तक घेऊन बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडूं लागला. तो त्यांच्या शाळेंतला नव्हता. केळुसकरांनीं आपण होऊन त्याची चौकशी केली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढें भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांच्या समाजांतील मंडळींनीं सभा भरविली, तेव्हां केळुसकरांनीं भाषण करून आपल्या बुद्धचरित्राची प्रत त्यांना बक्षीस दिली.

ही आठवण खुद्द बाबासाहेबांनीं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाकरितां १९५६ सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत नमूद केली आहे. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ सालीं निघाला आणि ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तींत छापली गेली नव्हती. तीं पानें प्रत्येक शिक्षकानें वाचावींत असें मला वाटतें. त्यांत बाबासाहेब म्हणतात तें असें: वडील मोठे धार्मिक होते, रामायण-महाभारताचें वाचन ते मुलांकडून करवून घेत. त्या ग्रंथांतून शूद्रांची जी अवहेलना दिसते ती वाचून त्यांच्या मनांत शंका उभ्या राहात, आणि वडिलांच्या उत्तरांनीं त्या फिटत नसत. अशा मनःस्थितींत केळुसकरांचें पुस्तक हातीं आलें आणि त्यानें ते भारून गेले. बौद्ध वाङ्मयाची ओळख वडिलांनीं आपल्याला कां करून दिली नाहीं, असें त्यांनीं वडिलांस विचारलें. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनानें गेलों नाहीं, हेंही त्यांनीं तेथें स्पष्ट केलें आहे. पुढें केळुसकरांच्याच खटपटीनें सयाजीराव महाराजांनीं त्यांना शिष्यवृत्ति दिली. १९१३ सालीं ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. दादरच्या ‘राजगृहां’त त्यांनीं आपला प्रचंड ग्रंथसंग्रह उभा केला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें काय घडलें, तें सांगावयास नकोच.

या दोन हकीकतींवरून काय निघतें? कोणी म्हणेल, हे दोघे असामान्य पुरुष. त्यांना हें पुस्तक मिळालें नसतें तरी दुसरें मिळालें असतें. असेलही. परंतु त्यांच्या सांगण्याकडे लक्ष दिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. पुस्तकानें त्यांच्या रिकाम्या मनांत कांहीं भरलें असें झालें नाहीं. मनांत आधींच एक प्रश्न होता; तो घरीं सुटला नव्हता, शाळेंत कोणी विचारला नव्हता. पुस्तक त्या प्रश्नास येऊन भेटलें. मुलाच्या मनांतला प्रश्न बाहेरून कोणास दिसत नाहीं, आईबापांसही नाहीं. म्हणूनच अमक्या मुलास अमुक एक पुस्तक दिलें म्हणजे तो वाचक होईल, असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. ओकांच्या चारशें चरित्रांपैकीं कोणतें कोणाच्या उपयोगीं पडेल, हें ओकांना तरी कोठें ठाऊक होतें? त्यांच्या हातीं एवढेंच होतें कीं, नाना प्रकारचें, स्वच्छ मराठींतलें वाचन नेमानें मुलांसमोर ठेवीत जाणें.

दुसरी गोष्ट अशी कीं, या दोन्हीं चरित्रांवर कोणी परीक्षा घेतली नव्हती. एक मासिकांतून अकस्मात् भेटलें, दुसरें प्रेमानें दिलेलें बक्षीस होतें. धडा आणि पुस्तक यांत हाच भेद आहे. धडा नेमलेल्या दिवशीं संपतो. पुस्तक मात्र वाचून झाल्यावर पुढच्या पुस्तकाकडे बोट दाखवितें.

वर ज्यांचें नांव दोनदां आलें त्या सयाजीराव महाराजांनीं हें ओळखलें होतें. सक्तीचें प्राथमिक शिक्षण त्यांनीं आपल्या राज्यांत १९०६ सालीं सर्वत्र लागू केलें. परंतु वाचावयास शिकविलें आणि वाचावयास दिलें कांहींच नाहीं, तर शिकविलेलें विसरलें जाईल, हें जाणून १९१० सालीं त्यांनीं बोर्डेन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविलें. मध्यवर्ती ग्रंथालय झालें, त्यांत मुलांचा विभाग झाला, गांवोगांवीं फिरत्या पुस्तकपेट्या जाऊं लागल्या. मुलांसाठीं ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. इकडे महाराष्ट्रांत वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ मध्यें ‘आनंद’ मासिक काढून ओकांची परंपरा पुढें चालविली. आणि नोव्हेंबर १९७१ मध्यें पाठ्यपुस्तक मंडळानें ‘किशोर’ सुरू केलें, त्याची वाट पाहणाऱ्या मुलांपैकीं मीही एक होतों. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. त्यापलीकडचें जें थोडेंबहुत कळलें, तें या असल्या वाचनाच्या पुण्याईनेंच.

नोकरींत मात्र मीं याच्या उलटही पाहिलें. एका शाळेंत पुस्तकांचें भरलेलें कपाट होतें व त्यास कुलूप होतें. वर्षाअखेर मोजणी होई. एक पुस्तक कमी भरलें तर किंमत शिक्षकाच्या पगारांतून कापीत. त्यामुळें पुस्तकें सुखरूप राहिलीं, आणि कोरींही राहिलीं. शिक्षकाचा दोष नव्हता. पुस्तक झिजणें हीच त्याची कमाई, हें हिशेबाच्या वहींत लिहावयास रकाना नव्हता.

आज शहरांतल्या सुखवस्तु घरांतून तें कुलूप नाहीं. पुस्तकें विकत मिळतात, ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर फुकट वाचतां येतात. पण मुलानें पान मिटलें न मिटलें तोंच आपण विचारतों, “मग यांतून काय शिकलास?” हें इसपनीतीचें तात्पर्य दोनशें वर्षें झालीं तरी आपल्या मागें लागलेलें आहे. गोष्ट मुलाच्या मनांत मुरूं द्यावी. तात्पर्य त्याचें तो काढील, आणि कदाचित् आपल्या मनांतलें नसलेलें काढील. केळुसकरांनीं पुस्तक दिलें, तें वाचून हा मुलगा काय काय वाचील आणि कोठवर जाईल, हें त्यांना विचारावेंसें वाटलें नसेल. त्यांनीं तें हातांत ठेविलें. आपणही आपल्या घरच्या, शेजारच्या, कामास येणाऱ्या बाईच्या मुलाच्या हातांत महिन्यास एक पुस्तक ठेवावें, आणि तें परत आलें नाहीं तरी दुसरें द्यावें. कोणत्या पुस्तकाची कोणत्या प्रश्नाशीं गांठ पडेल तें आपणांस कळणार नाहीं; कळलें पाहिजे असेंही नाहीं.