सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन टेस्ट म्हणजे काय? न्यूमोनियात रिपोर्ट कसा वाचायचा?

मागच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना ताप आणि खोकला आला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी ९.६ होतं. मी मोबाईलवर शोधलं, '१० च्या आत नॉर्मल' असं वाचलं आणि निर्धास्त झालो. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अहो, युनिट बघा. हे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, म्हणजे प्रति लिटर ९६!" एक्स-रे काढला तर न्यूमोनिया निघाला. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

सीआरपी म्हणजे काय?

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्याच रक्तात सापडलं. न्यूमोकोकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटतं, म्हणून हे नाव. शरीरात कुठेही सूज आली की ते वाढतं. म्हणजे कारण जिवाणूच असेल असं नाही, संधिवातातही वाढतं. ते चढायला काही तास लागतात आणि साधारण दोन दिवसांनी ते सर्वात जास्त असतं.

प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे काय?

हे कॅल्सिटोनिन हार्मोनचं आधीचं रूप. एरवी ते थायरॉईडमध्ये बनतं आणि रक्तात जवळजवळ नसतंच. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या इतर अनेक पेशी ते बनवू लागतात. व्हायरल आजारात मात्र इंटरफेरॉन गॅमा त्याला दाबून ठेवतं. म्हणून जिवाणू की विषाणू हे ओळखायला ते सीआरपीपेक्षा जास्त उपयोगी मानतात. फुफ्फुसाच्या संसर्गात साधारण असं बघतात (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर):

- ०.१ पेक्षा कमी: जिवाणूंची शक्यता फार कमी
- ०.१ ते ०.२५: शक्यता कमी
- ०.२५ ते ०.५: शक्यता आहे
- ०.५ च्या वर: शक्यता बरीच

मग आकड्यावरून अँटिबायोटिक ठरवायचं का?

नाही! २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की लक्षणं आणि एक्स-रेवरून न्यूमोनिया दिसत असेल, तर प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून अँटिबायोटिक थांबवू नये. कारण मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूंमध्ये ते फारसं वाढत नाही. उलट मोठं ऑपरेशन, भाजणं किंवा किडनीचा आजार यात संसर्ग नसतानाही वाढू शकतं. खरा उपयोग होतो तो औषध कधी बंद करायचं हे ठरवताना. उपचार लागू पडले की ते साधारण दर दिवसाला निम्मं होतं. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा उतार जास्त सांगतो.

आणखी एक, टीबीचं निदान या टेस्टने होत नाही. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी करायलाच हवी.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघाल?

१. युनिट. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर.
२. त्याच लॅबची नॉर्मल रेंज.
३. ताप सुरू झाल्यापासून किती वेळाने रक्त घेतलं. पहिल्या काही तासांत आकडा कमी येऊ शकतो.

आणि धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा पेशंट बरळत असेल, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. वडील आता ठणठणीत आहेत. रिपोर्ट मात्र मी अजूनही आधी डॉक्टरांनाच दाखवतो.