आज्यांचा आवाज जपायचा कसा?

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरून घेतलं. चुकलं, की तबकडी बाद. पुन्हा पहिल्यापासून गायचं. पुढे टेप आली. तीवर पुसून पुन्हा भरता येई.

आमच्या बचत गटानंही आज्यांच्या ओव्या कॅसेटमध्ये भरल्या होत्या. मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांना बुरशी आली. उरलेल्या वाजवायला धड टेपरेकॉर्डर मिळेना.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांपैकी कित्येक आज इंटरनेटवर बायांच्याच आवाजात ऐकता येतात.

आता आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करतो, कॉम्प्युटरवर मधला खोकला कापतो. काम सोपं झालं. पण एका बोटानं सगळं पुसलंही जातं. म्हणून ओवी दोन जागी ठेवा, आणि म्हणणारीचं नाव-गाव तिच्याच तोंडून आधी घ्या.