प्रत्येक व्हीआयला एक पॅनेल

लॅबव्ह्यू या चित्ररूप प्रोग्रामिंग भाषेत रीएंट्रंट, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून चालू शकणारा, व्हीआय (तिथला प्रोग्राम) वापरला की मेमरी फुगते आणि कंट्रोलचा (पॅनेलवरच्या बटणाचा) रेफरन्स भलत्याच पॅनेलकडे बोट दाखवतो, अशी तक्रार जुनी आहे. दोष सहसा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो. माझ्या मते या अडचणीचे मूळ १९८६ सालच्या एका निर्णयात आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७६ साली जेम्स ट्रुचार्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नाउलिन यांनी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी काढली. दहा वर्षांनी मॅकिन्टॉशवर आलेल्या त्यांच्या लॅबव्ह्यूत प्रत्येक प्रोग्राम हे एक आभासी उपकरण, म्हणजे व्हीआय होते: समोर बटणांचे पॅनेल, मागे तारांनी जोडलेला डायग्राम. प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपला एकच पॅनेल असते आणि एका वेळी तो एकाच कामात गुंतलेला असतो. व्हीआयलाही तसेच एक पॅनेल आणि एकच डेटा स्पेस, म्हणजे किमती साठवण्याची जागा, मिळाली. दोन ठिकाणांहून एकदम बोलावले, तर दुसऱ्याने थांबायचे.

यावर कोणी म्हणेल, यात उपकरणाचा काय संबंध? त्या वर्षीच्या मॅक प्लसमध्ये १ मेगाबाइट मेमरी होती, काटकसर करणे भागच होते. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. लोकल व्हेरिएबलना कायमची जागा देण्याची रीत फोरट्रानची. अल्गोल ६० ने आणि पुढे सी भाषेने प्रत्येक कॉलला स्टॅकवर नवी जागा देऊन ती मागे टाकली होती. डेटाफ्लोमध्ये अनेक फांद्या एकाच वेळी चालतात, तिथे एकच स्टॅक नीट बसत नाही, हेही मान्य. तरी पुढे मेमरी हजारो पटींनी वाढली आणि रीएंट्रंट नसलेला मूळ पर्याय मात्र बदलला नाही. नुसती काटकसर असती, तर तो केव्हाच बदलला असता.

तो टिकला, कारण लोकांनी त्याच्यावर घरे बांधली. आरंभीची किंमत न दिलेला शिफ्ट रजिस्टर, म्हणजे लूपच्या एका फेरीची किंमत पुढच्या फेरीला देणारा कप्पा, आधीच्या कॉलची किंमत लक्षात ठेवतो. ग्लोबल व्हेरिएबलची सोय नव्हती तेव्हा याच युक्तीने माहिती वाटून घेतली जाई. तिला आजही ‘एलव्ही२ (लॅबव्ह्यू २) ग्लोबल’ म्हणतात. आता त्याच रजिस्टरने दोन तापमानांची चल सरासरी काढायची असे समजा. साध्या व्हीआयमध्ये दोन्ही सेन्सरांचे आकडे एकमेकांत मिसळतात. व्हीआय रीएंट्रंट करून प्रीअलोकेटेड क्लोन, म्हणजे प्रत्येक जागेसाठी आधीच राखलेल्या प्रती, घेतले तर प्रत्येक जागेला स्वतःची डेटा स्पेस मिळते आणि हिशेब बरोबर येतो. पण असा व्हीआय दुसऱ्या प्रीअलोकेटेड व्हीआयच्या आत २५ ठिकाणी असेल आणि बाहेरचा ४ ठिकाणी, तर १०० डेटा स्पेस तयार होतात; आतला बफर मोठा असला की मेमरी कुठे गेली हे वेगळे सांगायला नको. शेअर्ड क्लोनने, म्हणजे सामायिक प्रतींनी, ती वाचते, मात्र पुढच्या खेपेला कोणता क्लोन हाती येईल याचा भरवसा नसतो. सरासरीसाठी तो निरुपयोगी.

रेफरन्सची गोष्ट याहून अवघड. क्लोनमधला स्थिर कंट्रोल रेफरन्स त्याच क्लोनच्या पॅनेलचा असतो. तो बाहेर पाठवला आणि क्लोन दुसऱ्या कामाला लागला, की त्या रेफरन्समार्फत कंट्रोलचा रंग बदलायला गेलेला पाहुणा दुसऱ्याच्याच घरात शिरतो. ‘रेफरन्स वेळेवर बंद करा, म्हणजे झाले’ हा सल्ला इथे अर्धाच उपयोगी. कोडने स्वतः उघडलेला रेफरन्स जरूर बंद करावा, पण स्थिर रेफरन्स बंद करण्याची गरजच नसते, आणि खरा खर्च पॅनेलचा असतो. कंट्रोलची प्रॉपर्टी वाचायची तर पॅनेल मेमरीत आणावे लागते, काम यूजर इंटरफेसच्या थ्रेडवर जाते, आणि समांतर चालण्यासाठी केलेले क्लोन तिथे पुन्हा एका रांगेत उभे राहतात. म्हणून जाणते लोक गणिताच्या व्हीआयमध्ये प्रॉपर्टी नोड (कंट्रोलची प्रॉपर्टी वाचणारा किंवा बदलणारा घटक) ठेवतच नाहीत. किंमत तारेतून बाहेर काढतात आणि पडद्याचे काम वरच्या एकाच व्हीआयवर सोपवतात.

मग मूळ पर्यायच का बदलू नये? बदलला तर एलव्ही२ ग्लोबलवर उभे असलेले प्रोग्राम एरर न देता चुकीचे आकडे देऊ लागतील, आणि त्यांतले कित्येक कारखान्यांत रोज चाचण्या घेत आहेत. २०२३ साली इमर्सनने कंपनी विकत घेतली, तेव्हाही कोरा व्हीआय उघडल्यावर आधीच निवडलेला पर्याय नॉन-रीएंट्रंट हाच होता.