समतेचे माप : मराठवाड्यातील सार्वजनिक आरोग्यधोरणाचा एक विचार

पूर्णेच्या खोऱ्यातील जाफराबाद हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामी राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर औरंगाबादपासून अलग झाले. राज्ये व जिल्हे बदलले, तरी अशा गावांच्या कुसाबाहेरील वस्तीपर्यंत आरोग्यसेवा समतेने पोचली काय, हा प्रश्न मात्र कायम राहिला. राष्ट्रीय धोरणाची परीक्षा खरी तेथेच होते.

आरोग्य व जातिभेद यांचा संबंध दवाखान्यापूर्वीच, पाणवठ्यावर सुरू होतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो मानवी प्रतिष्ठेचा लढा होता. तथापि शुद्ध पाण्याचा हक्क हाही त्यात अनुस्यूत होता. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहर उमटण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात असे तत्त्व मांडले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेस वंचित राहू नये. समितीची रचना मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होती. संस्थानी मराठवाडा तिच्या परिघाबाहेर राहिला. शिवाय समितीचे माप लोकसंख्या हे होते : प्रारंभी चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ते केंद्र गावाच्या कोणत्या भागात उभे राहावे व तेथे कोणास सन्मानाने प्रवेश मिळावा, याचे उत्तर लोकसंख्येच्या आकड्यात नव्हते.

ते उत्तर संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने व अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ याने देऊ केले. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा या कायद्याने गुन्हा ठरला. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव व शिक्षा दोन्ही बदलली. परंतु फौजदारी कायद्याची गती तक्रारीवर अवलंबून असते. ज्या शेतमजुराचा रोजगार गावातील प्रतिष्ठितांच्या हाती, त्यानेच त्यांच्याविरुद्ध फिर्याद करावी, अशी अपेक्षा त्यात गृहीत होती.

येथे अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना वर्णभेद करण्यास मनाई केली. १९६६ साली वृद्धांच्या वैद्यकीय विम्याची योजना सुरू झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयांना तिचा निधी घेता येणार नाही, हे स्पष्ट झाले. परिणामी अनेक रुग्णालयांतील विभाजन अल्पावधीत संपले. वर्णभेद समाजातून नाहीसा झाला नाही. पण समतेचे ओझे रुग्णावरून संस्थेवर गेले. भारतीय कायद्यात ते पीडितावरच राहिले.

मराठवाड्यापुरता आणखी एक पेच आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तो जिल्हा हे एकक धरून. मागास प्रदेशाची बाजू त्यामुळे बळकट झाली, यात संशय नाही. मात्र जिल्ह्याची सरासरी सुधारली म्हणजे त्यातील प्रत्येक वस्ती सुधारली, असे अनुमान निघत नाही. १९७९-८० पासूनच्या अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेने निधीचा वाटा वेगळा काढला. पण वाटा काढणे आणि परिणाम मोजणे या दोन भिन्न गोष्टी होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हापत्रकेसुद्धा जातवार आकडे देत नाहीत.

तात्पर्य, प्रवेशाचा अधिकार, लोकसंख्येचे प्रमाण आणि प्रदेशाचा अनुशेष ही तिन्ही मापे आवश्यक असली, तरी पुरेशी नाहीत. जाफराबादसारख्या तालुक्यात कोणत्या वस्तीतील बाळंतीण केंद्रापर्यंत पोचते व कोणती वाटेतच राहते, याची नोंद होईल, तेव्हाच समता हे धोरणातील विशेषण न राहता त्याचे माप ठरेल.