वऱ्हाडातील ख्रिस्ती उपासना : घरातील प्रार्थनेपासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून कितीतरी कमी आहे. नाताळच्या आठवड्यात चर्चवर चढणारी रोषणाई आणि दारावरचा कागदी तारा एवढ्यापुरतीच बहुतेक शेजाऱ्यांना या समाजाच्या धर्माचरणाची ओळख असते. वर्षाचे उरलेले एक्कावन्न आठवडे हा समाज काय करतो, कोणत्या भाषेत प्रार्थना करतो, कोणते दिवस पाळतो, याची माहिती मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही.

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाज एकसंध नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. कॅथलिक पंथीयांचा अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूर धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप झाले. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या जीआयपी रेल्वेने बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या स्थानकांच्या आसऱ्याने गोमंतकीय, तमिळ, तेलुगू अशी नाना भाषांची कॅथलिक कुटुंबे या भागात आणली. प्रोटेस्टंट बाजूला अकोल्याचे नाव अग्रक्रमाने येते. अमेरिकेतील ए. बी. सिम्पसन यांनी स्थापन केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अकोला हे आपल्या मराठी कार्याचे केंद्र केले. त्यातूनच आजच्या ‘अलायन्स’ मंडळ्या उभ्या राहिल्या. अचलपूर आणि मेळघाटाच्या बाजूला कोरकू लोकांमध्ये काम करणारे स्वतंत्र मिशन होते. अचलपूरजवळच्या कोठारा येथील कुष्ठरोग्यांचे रुग्णालय ही त्या परिसरातील मिशनकार्याची ठळक खूण होय. याखेरीज २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या एकीकरणातून जन्मलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्याही विदर्भात आहेत.

या इतिहासात १८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘छपन्नचा दुष्काळ’, फार मोठी जागा व्यापतो. अनाथ झालेल्या मुलांना अकोल्याच्या आणि मुलींना खामगावच्या आश्रमात आसरा मिळाला. आज वऱ्हाडातील काही जुन्या ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ दुष्काळाच्या सालापाशी येऊन थांबते, त्याचे कारण हेच. अकोल्यात अनेक वर्षे काम केलेल्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी फुलरबाईंचे निधन झाले.

दैनंदिन उपासनेचे खरे स्थान चर्च नसून घर हे आहे. दिवेलागणीनंतर किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी घरातील मंडळी एकत्र बसतात. एक गीत म्हटले जाते, पवित्र शास्त्रातील एखादा अध्याय वाचला जातो. वाचण्याचे काम बहुधा शाळकरी मुलाकडे असते आणि अडखळलेला शब्द आजी पुस्तक न पाहता दुरुस्त करते. त्यानंतर घरातील एक जण मोकळ्या शब्दांत प्रार्थना करतो. परीक्षा, आजारपण, पाऊस, कर्जाचा हप्ता, परगावी गेलेला मुलगा असे सारे त्या प्रार्थनेत येते. शेवटी सर्व जण मिळून ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणतात. कॅथलिक घरांत याच वेळी जपमाळ हाती घेतली जाते. मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने मारियामातेच्या भक्तीचे मानले जात असल्यामुळे त्या काळात जपमाळेची प्रार्थना घरोघरी फिरते. जेवणाआधीचे दोन वाक्यांचे आभार दोन्ही पंथांत सारखेच.

आठवड्याच्या मधल्या वारी एखाद्याच्या घरी भरणारी प्रार्थनासभा हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचे वैशिष्ट्य. नवे घर, मुलाचा वाढदिवस, रुग्णालयातून सुखरूप परतलेला माणूस, अशा निमित्तांनी ‘उपकारस्तुती’ ठेवली जाते. सतरंज्या अंथरल्या जातात, पाळक छोटे प्रवचन करतात, चहा होतो. शेजारची हिंदू, बौद्ध, मुस्लिम कुटुंबेही या सभांना येऊन बसतात. सत्यनारायणाच्या प्रसादाला ज्या सहजतेने जावे त्याच सहजतेने. अलायन्स मंडळ्यांत आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यावर विशेष भर आढळतो. येशू हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, अशी चौपदरी शिकवण सिम्पसन यांनी मांडली होती. तिच्यातील तिसऱ्या पदराचा हा परिणाम. मंडळीचे वडील रोग्याला तेल लावून प्रार्थना करतात, या प्रथेला याकोबाच्या पत्राचा आधार आहे.

रविवारची उपासना पंथागणिक बदलते. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा हा केंद्रबिंदू असून ख्रिस्तशरीराचा स्वीकार प्रत्येक मिस्सेत असतो. १९६० च्या दशकापर्यंत ही मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रवचनाला अग्रस्थान असते आणि प्रभुभोजन सामान्यतः महिन्यातून एकदा दिले जाते. बाप्तिस्म्याच्या बाबतीत तर शेजारशेजारच्या दोन चर्चमध्ये रीत वेगळी. कॅथलिक पंथात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. अलायन्स मंडळीत बाळाचे केवळ समर्पण होते, बाप्तिस्मा मात्र समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यानंतर आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. आंतरपंथीय विवाहात सासरमाहेरचा पहिला मतभेद बहुधा याच प्रश्नावर होतो!

मराठी प्रोटेस्टंट उपासनेचा आत्मा जर कशात असेल तर तो गीतांत आहे. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक पवित्र शास्त्राच्या जोडीने बगलेत मारून चर्चला निघणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यात इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते आहेत, तशीच अस्सल मराठी वळणाची भजने आणि पदेही आहेत. दुसऱ्या प्रकाराचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे जाते. टिळकांचा विदर्भाशी संबंध योगायोगाचा नाही. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते, ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालविले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर पोसलेल्या या कवीला परदेशी सुरावटीची उपासना आपली वाटेना. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन, टाळ आणि एकतारी यांना चर्चमध्ये आणले. ‘अभंगांजली’ हा त्यांचा भक्तिकाव्याचा संग्रह आणि अपुरे राहिलेले, लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे पूर्णत्वास नेलेले ‘ख्रिस्तायन’ ही त्याच ध्यासाची फळे होत. त्यांच्याही पूर्वी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते. ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा अशी चारशे वर्षांची आहे. ख्रिस्ती धर्म म्हणजे परकी भाषा, हा समज ज्यांना बाळगावयाचा असेल त्यांनी ही दोन पुस्तके तरी चाळावीत.

पवित्र शास्त्राच्या मराठीचीही अशीच कहाणी आहे. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली सेरामपूरला मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. हेतू हा की अल्पशिक्षित स्त्रीलाही ते वाचता यावे. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, तेच नववर्ष. वऱ्हाडात हे दिवस कापूस वेचणीचे. जांभळ्या वस्त्रांचा हा चार आठवड्यांचा काळ वस्तुतः संयमाचा व प्रतीक्षेचा आहे. पण तरुणांचे गट रात्री घरोघरी जाऊन गीते गाऊ लागले की प्रतीक्षेचे रूपांतर उत्सवात होण्यास वेळ लागत नाही. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पदार्थ मात्र इथलेच. करंजी, चकली, शेव, अनारसे. दिवाळीचा फराळ शेजारून आलेला असतो, त्याची परतफेड नाताळच्या ताटाने होते. ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचे आभार मानण्यासाठी मंडळी पुन्हा चर्चमध्ये जमते आणि मध्यरात्री प्रार्थनेतच वर्ष बदलते.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कॅथलिक धर्मगुरू भाविकांच्या कपाळी लावतात. माणूस माती आहे आणि मातीतच जाणार, याची ती आठवण. रविवार वगळून चाळीस दिवस मोजले जातात. या काळात मांसाहार, गोडधोड, करमणूक यांपैकी काहीतरी सोडण्याची रीत आहे. दर शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही चौदा टप्प्यांची भक्ती होते आणि लग्नाचे बार टाळले जातात. अलायन्स मंडळ्या हा काळ तितक्या काटेकोरपणे पाळीत नाहीत, परंतु पवित्र आठवडा सर्वांचाच.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, हा शेजाऱ्यांना पडणारा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर तिथी जाणणाऱ्या मराठी वाचकाला सहज समजावे. येशूचा वधस्तंभ आणि पुनरुत्थान यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी घडले आणि वल्हांडण पौर्णिमेला येतो. म्हणून २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा नियम चर्चने ठरविला. ही पौर्णिमा प्रत्यक्ष आकाश पाहून नव्हे, तर चर्चच्या ठरलेल्या कोष्टकांवरून काढली जाते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो आणि आपल्या पंचांगाच्या भाषेत सहसा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. २०१९ मध्ये शुभ शुक्रवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आली होती. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार आणि होळी २४ मार्चला एकत्र आली. एका रस्त्यावर झावळ्यांची मिरवणूक आणि दुसऱ्यावर होळीसाठी रचलेली लाकडे, असा योग वर्षानुवर्षे पुन्हा येत राहणार.

शुभ शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन. येशू वधस्तंभावर होता ती ही घटका. त्याने उच्चारलेल्या सात वचनांवर प्रोटेस्टंट मंडळ्यांत सात प्रवचने होतात, बहुधा सात निरनिराळ्या व्यक्तींची. अकोल्याच्या एप्रिलमधली ही वेळ म्हणजे पारा चाळीस अंशांपुढे गेलेला असतो. उपवास असलेले वृद्ध त्या तीन तासांत पाण्याचा घोटही न घेता बसलेले असतात. वीज गेली, पंखे थांबले, तरी सहसा कोणी उठत नाही. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही; घंटा मुक्या असतात, वेदी उघडी असते, भाविक क्रुसाचे चुंबन घेतात. शनिवारच्या रात्री नव्या अग्नीवरून पास्काची मोठी मेणबत्ती पेटविली जाते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत रविवारी सूर्योदयापूर्वीच उपासना ठेवण्याची प्रथा आहे, तीही अनेकदा स्मशानभूमीत. आदल्या दिवशी थडगी साफ करून चुन्याने रंगविली जातात आणि पहाटेच्या अंधारात कुटुंबे आपापल्या माणसांपाशी फुले व मेणबत्त्या घेऊन उभी राहतात. कॅथलिकांमध्ये मृतांच्या स्मरणाचा असाच दिवस २ नोव्हेंबरला असतो.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. तेव्हा वऱ्हाड पावसाकडे डोळे लावून बसलेले असते आणि चर्चमध्येही पावसासाठी प्रार्थना होते.

ग्रामीण मंडळ्यांना सर्वांत जवळचा सण मात्र पंचांगात ठरलेला नाही. पीक घरात आले की कापणीचा सण नेमला जातो. ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, कापूस, कोहळे, संत्री, अंडी, एखादी कोंबडी वेदीसमोर मांडली जाते आणि उपासनेनंतर आवारातच त्यांचा लिलाव पुकारला जातो. एखाद्या भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत येते, विकत घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. जमलेला पैसा मंडळीच्या खर्चाला जातो. शेती सुटून नोकरीत गेलेली शहरी कुटुंबे आता धान्याऐवजी पाकीट अर्पण करतात. सोयाबीनने ज्वारी-कापसाची जागा घेतल्यामुळे मांडणीतली कणसेही कमी झाली आहेत. नापिकीच्या वर्षी हा सण करावा की नाही, असा प्रश्न शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या भागात उभा राहिला तर त्यात नवल नाही.

गीतांपुढचा प्रश्न निराळा आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली मुले हिंदी आणि इंग्रजी स्तुतिगीतांना सरावली आहेत. गिटार, ड्रम आणि पडद्यावर उमटणाऱ्या ओळी यांमुळे पुस्तक हाती घेण्याची गरज उरत नाही. बहुभाषिक कॅथलिक धर्मग्रामांत मराठी मिस्सेला इंग्रजी व हिंदीच्या शेजारी आपली जागा राखावी लागते. तरुणांना उपासना आवडावी हे योग्यच; पण देवनागरी वाचताना अडखळणाऱ्या मुलाला टिळकांचा अभंग कसा कळणार, याचे उत्तर नव्या वाद्यांकडे नाही. ज्या मंडळ्यांच्या शब्बाथ शाळेत आजही दर रविवारी एक मराठी वचन आणि एक भजन तोंडपाठ करून घेतले जाते, तेथे हा प्रश्न तुलनेने कमी जाणवतो. ते शिकविणाऱ्या बहुधा घरकाम उरकून आलेल्या स्त्रिया असतात, आणि पेटी वाजविणारे एखादे निवृत्त शिक्षक.