नवरा तिकडं, नवरी इकडं. अन् मधात जगाचं भांडण

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरची लेक किंवा सून लग्न होऊन परदेशी जायच्या वाटेवर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे लग्नाला चार महिने झाले अन् पोरगी माहेरीच दिसली, की बाजारात पहिला प्रश्न येतो, "काहो, पोरीचा व्हिसा नाई आला का अजून?" सहा महिने झाले की आवाज खाली येतो, "काही भानगड तर नाही ना?" हा प्रश्न आधी मुंबई-पुण्याच्या घरातला होता. आता संत्र्याच्या बागा असलेल्या घरांतली पोरंही पुण्याच्या कंपन्यांतून अमेरिका, कॅनडा, इंग्लंडला जातात. म्हणून तो चांदूर बाजारातही आला.

माझं म्हणणं एवढंच, की व्हिसाची फाईल फक्त आपल्या कागदांवर चालत नाही. जगात कुठं लढाई पेटली, साथ आली, दोन देश एकमेकांवर रुसले, की तिची चाल बदलते. गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

सुरुवात कुवेतपासून करू. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. तिथं तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीय होते. एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत लाखावर माणसं परत आणली. नवऱ्याकडे जायच्या तयारीत असलेल्या बायकांची फाईल अडायचा प्रश्नच उरला नाही, कारण व्हिसा देणारं सरकारच देश सोडून सौदीतल्या ताइफ शहरात जाऊन बसलं होतं.

मग ११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे पडले अन् अमेरिकेनं तपासणी कडक केली. त्याआधी बऱ्याच अर्जदारांना मुलाखतीशिवाय व्हिसा मिळायचा. ऑगस्ट २००३ पासून जवळपास प्रत्येकाला प्रत्यक्ष मुलाखत लागू झाली. नवऱ्यामागं जाणारी बायकोही त्यात आली. हल्ला करणारे कोण, ही पोरगी कोण, काही संबंध नाही. पण रांगेत तीही उभी.

कोरोनाचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेनं जगभरातल्या आपल्या दूतावासांचं नेहमीचं व्हिसाकाम थांबवलं. २४ जून २०२० पासून एच-१बी आणि त्यांच्या बायकांचा एच-४ व्हिसा नव्यानं देणंच बंद केलं. कारण दिलं, अमेरिकी लोकांच्या नोकऱ्या वाचवायच्या. ती बंदी ३१ मार्च २०२१ ला संपली. लोकांनी हुश्श केलं, तेवढ्यात आपल्याकडे दुसरी लाट आली अन् ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांवर वेगळी बंदी लागली. ती ८ नोव्हेंबरपर्यंत चालली.

इथं एक बारकावा ध्यानात घ्या. या दुसऱ्या बंदीतून अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांच्या नवरा-बायकोला सूट होती, एच-४ वाल्यांना नव्हती. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन नवऱ्या, दोघींचे नवरे अमेरिकेत, पण एकीला वाट मोकळी अन् दुसरी अडकलेली. दोष पोरीचा नाही, सासरचा नाही. फरक फक्त व्हिसाच्या प्रकाराचा.

२०२२ चं उदाहरण तर सगळ्यात बोलकं आहे. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. ब्रिटननं युक्रेनी लोकांसाठी खास व्हिसा योजना काढल्या अन् कर्मचारी तिकडं लावले. झालं काय, तर बाहेरून अर्ज करणाऱ्या नवरा-बायकोच्या व्हिसाची मुदत मे महिन्यात १२ आठवड्यांवरून थेट २४ आठवडे झाली. जास्तीचे पैसे भरून लवकर निकाल घ्यायची सोयही थांबवली होती. युद्ध युरोपात, निर्वासितांना आधार देणं योग्यच. पण लंडनला निघालेल्या आपल्याकडच्या पोरीची वाट दुप्पट लांबली. हे तिला कोणी सांगितलं?

अन् २०२३ चा कॅनडा. सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांत बिनसलं. ऑक्टोबरमध्ये कॅनडानं भारतातले ४१ राजनैतिक अधिकारी परत नेले. त्यांच्या इमिग्रेशन खात्याची भारतातली माणसं २७ वरून ५ वर आली. बरंचसं काम दुसऱ्या देशांतून होत असल्यानं फाईली बंद पडल्या नाहीत, पण वेळ वाढेल, असं त्या खात्यानं स्वतःच जाहीर केलं.

म्हणजे कधी कार्यालयच बंद, कधी माणसं दुसऱ्या कामाला, कधी तपासणी वाढलेली, कधी सरळ बंदी. चारही वेळा इकडं बसलेल्या नवरीच्या हातात काहीच नव्हतं. टोमणे मात्र तिलाच.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. जगातल्या गडबडीचं निमित्त करून बायकोला इथंच टाकणारे नवरेही आहेत. परदेशी नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी इतक्या यायला लागल्या, की २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगात त्यासाठी वेगळा कक्ष सुरू झाला. "तिकडं युद्ध चालू आहे, व्हिसा मिळत नाही" हे वाक्य खरंही असतं अन् खोटंही.

मग ओळखायचं कसं? तीन गोष्टी विचारा. व्हिसा नेमका कोणत्या प्रकारचा? अर्ज कोणत्या तारखेला भरला? अर्जाचा क्रमांक अन् फीची पावती कुठं आहे? ज्यानं अर्ज भरला त्याला हे दाखवायला दोन मिनिटं लागतात. मग त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर सध्या किती वेळ लागतो ते पाहा. उशीर खरा असेल तर बहुतेक तिथं लिहिलेला असतो. पण अर्जच भरला नसेल, तर युक्रेनच्या नावानं बोटं मोडून काय फायदा?

हे प्रश्न पोरीच्या बापानं लाजून टाळू नयेत, अन् जावयानं त्यात अपमान मानू नये. बाकी आपण गाववाल्यांनी काय करायचं? पोरगी बाजारात दिसली तर व्हिसाचं सोडून दुसरं काही विचारायचं. तिचं शिक्षण आहे, तिचं काम आहे, तिची तब्येत आहे. व्हिसा यायचा तेव्हा येईल.

तुमच्या ओळखीत कोणाची फाईल अशी अडकली असेल, तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. कमेंटमध्ये मात्र कोणाच्या लेकीचं नाव टाकू नका.